सर्जाचं मानपत्र

"सर्जेराव, तुम्ही पान दाबलंत," शिंगटे म्हणाले आणि हातातली पानं त्यांनी सतरंजीवर आपटली.

आमच्या गावच्या विरंगुळा कट्ट्यावर दुपारचा मेंढीकोट चालला होता. खेळ साधा असतो. दोघा-दोघांच्या जोड्या, आणि दश्शी म्हणजे मेंढी. ज्या जोडीने मेंढ्या जास्त पकडल्या ती जिंकली. सर्जा आणि मी एका बाजूला. समोर ज्येष्ठ मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब शिंगटे आणि त्यांचे मेहुणे. उतारी इस्पिकची होती. हातात इस्पिक असताना सर्जाने बदाम टाकला होता आणि ते शिंगट्यांनी पकडलं होतं.

मी मांडी सावरून बसलो. आता काय होणार ते मला तोंडपाठ होतं. सर्जेराव माळवदे एकतीस वर्षं आमच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होता. आवाज असा, की माईक बंद पडला तरी कोल्हापूर गाडीचा ड्रायव्हर अर्धा चहा टाकून उठायचा. त्यात खेळताना लबाडी करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने कान खाजवला की बदाम टाकायचा, नाक खाजवलं की चौकट. छत्तीस वर्षं मी हायस्कुलात मराठी शिकवलं, मुलांना खरेपणावर निबंध लिहायला लावले, आणि निवृत्तीनंतर बारा वर्षं या माणसाच्या नाकाकडे बघून पानं टाकली. लबाडी पकडली गेली की सर्जा दुप्पट ओरडायचा. समोरच्याचा बाप, त्याचं खातं, त्याची नोकरीतली वागणूक, सगळं बाहेर काढायचा. शेवटी समोरचाच माफी मागायचा आणि आम्ही मेंढी खिशात घालायचो.

त्या दिवशी सर्जाने हातातल्या पानांकडे बघितलं. इस्पिकची तिर्री तिथेच होती, उघडी. त्याने ती मुद्दाम लपवली नव्हती. त्याला ती दिसलीच नव्हती.

"असंल," तो म्हणाला. "घ्या तुम्ही."

पानं पालथी ठेवली, चपला पायांत सरकवल्या आणि चालू लागला. चहा यायचा होता, तरी थांबला नाही.

मग शिंगट्यांनी मान डोलावली. "काय निवळलाय हो माणूस! विरक्ती म्हणतात ती हीच."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मला राग आला होता तो फक्त एवढ्याचा, की हातची मेंढी गेली.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आजही तो शब्द कुणी माझ्यासमोर उच्चारला तर माझं डोकं फिरतं. घरच्यांना माहीत आहे, ते उच्चारत नाहीत.

त्या दुपारपासून विरक्ती हा शब्द गावात सर्जाच्या नावाला चिकटला. आणि एकदा शब्द चिकटला की त्याला पुरावे आपोआप मिळत जातात. सर्जाने आपला ट्रान्झिस्टर स्टँडच्या वॉचमनला देऊन टाकला. अकरा फेटे होते, एकेक वेगळ्या रंगाचा, ते लेझीम पथकाला दिले. तंबाखूचा चांदीचा डबा शिंगट्यांना दिला आणि शिंगट्यांनी तो कपाळाला लावून घेतला. तांबड्या रश्श्यासाठी कोल्हापूरपर्यंत जाणारा हा माणूस एकच वेळ जेवू लागला. रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. कुणी विचारलं तर म्हणायचा, "काय करायच्यात?" लोकांना त्यात देवावरचा भरवसा दिसला. कुणाशी भांडेना, कुणाला टोकेना. बायका संध्याकाळी देवळातून येताना त्याच्या घरी वाट वाकडी करून त्याच्या पाया पडू लागल्या. त्याच्या मुलाने, प्रतापने, व्हरांड्यात एक वेताची खुर्ची आणून ठेवली. सर्जा तीत बसायचा आणि पायाशी वाकणाऱ्या डोक्यांकडे बघत राहायचा.

कारण शोधावं तर तेही नव्हतं. त्याची बायको त्याच्या सहा वर्षं आधी गेली, तेव्हा तो महिनाभर पोरासारखा रडला होता. मग एक दिवस उठून दूधवाल्याशी भांडला, आणि आम्ही समजलो, सर्जा परत आला. आता तर घरात सगळं सुरळीत होतं. पेन्शन होती, सून चांगली होती, नातू शाळेत पहिला येत होता. एवढं सगळं असून माणूस गप्प झाला म्हणजे तो वर चढला असणार, असाच आमच्या गावचा हिशेब.

सप्टेंबरात ज्येष्ठ मंडळाची बैठक झाली. एक ऑक्टोबर हा जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन. त्या दिवशी मंडळ दरवर्षी कुणाला तरी 'आनंदी वार्धक्य पुरस्कार' देतं. शाल, श्रीफळ आणि फ्रेम केलेलं मानपत्र. शिंगट्यांनी नाव सुचवलं, "सर्जेराव माळवदे." हात भराभर वर झाले.

"आणि मानपत्र अर्थातच तारळेकर मास्तर लिहितील."

तारळेकर मास्तर म्हणजे मी. तोवर मी त्रेचाळीस मानपत्रं लिहिली होती. माझ्याकडे विशेषणांचा साठा तयार असायचा. ऋषितुल्य, निगर्वी, मृदुभाषी. सर्जाला कधी काळी मृदुभाषी म्हणावं लागेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं, त्यामुळे जरा गंमतच वाटत होती. वही घेऊन मी त्याच्या घरी गेलो.

तो आतल्या खोलीत कॉटवर बसला होता. सदरा गळ्याशी ढगळ झाला होता. नखं वाढली होती. मला बघून त्याने थोडं सरकून जागा केली.

"पुरस्कार मिळतोय लेका तुला. चार गोष्टी सांग, लिहून घेतो," मी म्हणालो.

"लिही की तुला काय पायजे ते."

"तसं नाही चालत. पहाटे किती वाजता उठतोस?"

"तीनला."

"जप करतोस?"

"न्हाई. जाग येती. मग नुसता बसतो."

मी लिहिलं, 'ब्राह्ममुहूर्ती चिंतनात मग्न.'

"आणि जेवण?"

"वाढत्यात तेवढं खातो. अर्धी भाकरी जाती. चव लागत न्हाई बघ कशाला. माती खाल्ल्यागत लागतं."

'जिव्हेवर विजय मिळवला.'

"भांडत नाहीस म्हणे कुणाशी."

"कशापायी भांडायचं?"

'अजातशत्रू.'

"आणि घरादारात जीव? नातू वगैरे?"

"परवा बक्षीस मिळालं पोराला. घरात नुसता दंगा. मी बघत हुतो त्यांच्याकडं. मला काय वाटलंच न्हाई, मास्तर. काचंतनं बघितल्यागत."

'सुखदुःखाच्या पलीकडे गेलेले व्यक्तिमत्त्व.' हे वाक्य मला स्वतःला इतकं आवडलं, की मी खाली रेघ ओढली.

सून अर्चना चहा घेऊन आली. "बाबांचा आता काहीच त्रास नाही काका," ती म्हणाली. "पूर्वी घर डोक्यावर घ्यायचे. आता अगदी शांत. फक्त अंघोळीला चारदा सांगावं लागतं, आणि दाढीला."

हे मी लिहून घेतलं नाही. मानपत्रात शोभलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मानपत्राचा मसुदा मी कुमुदला वाचून दाखवला. कुमुद म्हणजे माझी बायको. अठ्ठावीस वर्षं तिने आरोग्य केंद्रात परिचारिका म्हणून काढली. माझं लिखाण ती मेथी निवडता निवडता ऐकते आणि बहुधा काही बोलत नाही. त्या दिवशी तिचे हात थांबले.

"हे मानपत्र आहे का श्रद्धांजली हो?"

"म्हणजे?"

"पुन्हा वाचा. पण सर्जाभावजींचं नाव काढा. आपल्या पूर्वाचं घाला."

पूर्वा आमची नात. एकोणीस वर्षांची, पुण्यात वसतिगृहात राहून शिकत होती.

"काहीतरीच काय!"

"वाचा तर. आणि ती जड जड विशेषणं गाळा. नुसतं काय घडतंय तेवढं वाचा."

मी वाचायला लागलो. पूर्वा पहाटे तीनला उठते आणि अंधारात बसून राहते. पूर्वा दिवसातून एकदा अर्धी भाकरी खाते. पूर्वाने आपले सगळे आवडते कपडे वाटून टाकले. पूर्वा कुणाशी बोलत नाही, भांडत नाही. पूर्वाला कशाचंच काही...

मी वही खाली ठेवली.

"काय केलं असतंत?" कुमुदने विचारलं.

"पहिली गाडी धरून पुण्याला गेलो असतो."

"मग इथं टाळ्या का वाजवताय?"

मला उत्तर येत होतं. ते एवढंच होतं, की सर्जा चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. ते मला तोंडाने उच्चारवलं नाही.

कुमुदने विचारलं, "वजन किती उतरलंय त्यांचं?" मी म्हणालो, सदरा ढगळ झालाय. "रक्तदाबाच्या गोळ्या कधीपासून बंद आहेत?" मी म्हणालो, दोन महिने तरी झाले असतील. तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली. "तो माणूस पाण्यात बुडाल्यागत हळूहळू खाली चाललाय, आणि तुम्ही सगळे काठावर उभे राहून त्याला नमस्कार करताय. हा आजार असतो. याला औषध असतं. वेळेत गेलं तर."

त्याच दुपारी मी शिंगट्यांकडे गेलो. म्हणालो, पुरस्कार थांबवा, सर्जाला डॉक्टरकडे न्यायला हवं.

"कसला डॉक्टर?"

"मनाचा. मिरजेला आहेत एक बाई."

शिंगटे हसले. त्यांच्या टेबलावर सर्जाचा चांदीचा डबा होता. त्यातली चिमूट त्यांनी तळहातावर घेतली. "मास्तर, साऱ्या गावाला जे दिसतंय ते तुम्हालाच दिसत नाही होय? निमंत्रणपत्रिका वाटून झाल्यात. तहसीलदार मॅडम येणार आहेत. आणि या वयात माणूस जरा अंतर्मुख झाला तर तुम्ही त्याला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेणार?"

"अंतर्मुख झाला नाही तो. आजारी आहे."

"तुमचा पत्त्यांतला जोडीदार गेला म्हणून तुम्हाला झोंबतंय."

मी तिथून उठलो तो तडक प्रतापच्या दुकानात गेलो. प्रताप गुणी मुलगा. त्याने मला बसायला स्टूल दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि मग शटरबाहेर कुणी उभं नाही ना ते बघून हळू आवाजात म्हणाला, "काका, ताईच्या मुलीचं लग्न ठरत आलंय. आजोबांना मिरजेच्या त्या दवाखान्यात नेलं असं कळलं तर समोरची माणसं काय म्हणतील?"

"आणि आजोबा गेले तर काय म्हणतील?"

"असं नका बोलू. वय झालंय त्यांचं. शांत झालेत, आनंदात आहेत. लोक पाया पडतात, मला तर भरून येतं." त्याला खरोखरच भरून आलं होतं. माझा राग त्यामुळे उलट वाढला. दुष्ट माणसाला शिव्या तरी घालता येतात.

एक ऑक्टोबरला मंगल कार्यालय खच्चून भरलं. पहिल्या रांगेत बायका नटून आल्या होत्या. व्यासपीठावर मधोमध सर्जाला बसवलं होतं. कुणीतरी त्याची दाढी करून दिली होती, गालावर दोन ठिकाणी कापलं होतं. शाल पांघरली, नारळ हातात दिला. तो नारळ त्याने मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसला. तहसीलदार मॅडम तरुण होत्या, नुकत्याच बदलून आल्या होत्या, गावातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं.

"आता मानपत्राचं वाचन," शिंगट्यांनी पुकारलं.

मी माईकपाशी गेलो. फ्रेममधलं मानपत्र टेबलावर होतं, त्याला मी हात लावला नाही. खिशातून वहीचा कागद काढला.

"मानपत्राच्या आधी दोन मिनिटं एका मुलीविषयी बोलतो," मी म्हणालो. "वय वर्षे एकोणीस. ही मुलगी पूर्वी घर डोक्यावर घ्यायची. हसायची, भांडायची, खोटं बोलायची. गेले काही महिने ती पहाटे तीनला जागी होते आणि अंधारात नुसती बसते. दिवसातून एकदा अर्धी भाकरी खाते, म्हणते, मातीसारखी लागते. आवडीच्या सगळ्या वस्तू तिने वाटून टाकल्या. अंघोळीला चारदा सांगावं लागतं. चालू असलेली औषधं तिने बंद केली. कुणी विचारलं तर म्हणते, काय करायच्यात? घरात आनंदाची गोष्ट घडली, तर म्हणते, मला काही वाटलंच नाही."

पहिल्या रांगेतून 'अगं बाई' असा आवाज आला. मागे कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, कुणाची पोर? कुणी म्हणालं, प्रेमबिम असेल.

तहसीलदार मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. "अहो, मग त्या मुलीला डॉक्टरांना दाखवलं की नाही कुणी?"

"नाही मॅडम."

"का? आईवडील काय करतायत?"

"पाया पडतायत," मी म्हणालो. "आणि आज तिला शाल घातली आम्ही. ती तुमच्या डाव्या हाताला बसलीय. फक्त तिचं वय मी चुकीचं सांगितलं. एकोणीस नाही, चौऱ्याहत्तर."

शिंगटे उठून माईककडे आले. "मास्तर, खाली बसा. सोहळ्याचा बेरंग करू नका."

"बेरंग? एक माणूस आपल्यादेखत मरतोय आणि त्याला तुम्ही आनंदी वार्धक्याचं बक्षीस देताय! पोरीला हे झालं तर आजार, आणि म्हाताऱ्याला झालं तर अध्यात्म? म्हाताऱ्याने खाल्लं नाही तर संयम? म्हाताऱ्याला जगावंसं वाटेना तर मोक्षाची तयारी? लाज वाटत नाही आपल्याला? मला वाटते. हे भिकार मानपत्र मी लिहिलंय!"

मला आता थांबता येत नव्हतं. मी सर्जाकडे वळलो.

"आणि तू रे? एकतीस वर्षं स्टँडवर बोंबललास. खरकट्या कपावरून कँटीनवाल्याला रडवलंस. आणि आता मेल्यागत नारळ घेऊन बसलायस? बोल की! हे लोक तुझ्या मढ्याला हार घालायला बसलेत आणि तू मान पुढे करतोस? भाड्या, बोल काहीतरी!"

एवढा घाणेरडा शब्द मी तहसीलदारांसमोर, माईकवर, साऱ्या गावाला ऐकू जाईल असा बोललो. पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. प्रताप पायऱ्या चढून वर आला होता, त्याच्या मुठी वळलेल्या होत्या. "काका, पुरे. खाली चला," तो म्हणाला आणि माझा दंड त्याने धरला.

"सोड त्याला," सर्जा म्हणाला.

तो उठून उभा राहिला होता. शाल खांद्यावरून घसरली, ती त्याने उचलली नाही. माईकपाशी आला. माणूस आयुष्यभर माईकवर बोललेला, त्यामुळे त्याचा हात आपसूक दांड्याकडे गेला. पण आवाज इतका बारीक होता, की मागच्या लोकांना पुढे सरकावं लागलं.

"मास्तर खरं बोलतोय. तुमी समदी म्हंता, सर्जेरावानं सोडलं. मटण सोडलं, तंबाखू सोडली, राग सोडला. मी काय बी सोडलं न्हाई. सुटलं ते. माझ्या हातनं सुटलं. धराय जातो, धरता येईना. तुमी पाया पडता तवा मला वाटतं, ह्यांना सांगावं, बाबांनो, मला हात द्या. पर वाकल्याल्या माणसाला काय सांगायचं? त्याचं तोंडच दिसत न्हाई."

तो पुन्हा खुर्चीवर जाऊन बसला. कुणी टाळी वाजवली नाही. प्रतापने माझा दंड सोडला होता. तो बापासमोर गेला, पण वाकला नाही. गुडघ्यावर बसला, म्हणजे त्याचं तोंड बापाला दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतापच्या गाडीतून आम्ही मिरजेला गेलो. सर्जा पुढे, मी मागे. डॉक्टर मुजावर बाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा कपाळावर, बोलणं आपल्या घरातल्यासारखं. त्यांनी आधी सर्जाचं वजन केलं, रक्तदाब बघितला आणि बंद केलेल्या गोळ्यांबद्दल त्याला सरळ झापलं. मग रक्त तपासायला दिलं. म्हणाल्या, कधी कधी शरीरातलंच काही बिघडून माणूस असा होतो, ते आधी बघायला हवं. मग खूप वेळ विचारत राहिल्या. झोप, भूक, आठवण, रडू येतं का, मरणाचे विचार येतात का. शेवटच्या प्रश्नाला सर्जाने मान हलवली, "येत्यात." प्रताप खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

"हे म्हातारपण नाही," बाई म्हणाल्या. "हे नैराश्य आहे. म्हातारपणात येतं, म्हणून लोकांना दोन्ही एकच वाटतात. बरं होतं हे."

आणि झालंही, ते इथेच सांगून टाकतो. पहिला महिना काहीच फरक पडला नाही, दुसऱ्या महिन्यात झोप लागायला लागली, आणि तिसऱ्या महिन्यात एका सकाळी शिंगट्यांच्या दारात उभं राहून सर्जाने अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात आपला तंबाखूचा डबा परत मागितला. पुढे तो नऊ वर्षं जगला आणि त्या नऊ वर्षांत एकाही माणसाला त्याच्या पाया पडावंसं वाटलं नाही. ताईच्या मुलीचं लग्नही ठरल्याप्रमाणे झालं. मुलाकडच्यांच्या घरात एक आजी होत्या, त्यांना घेऊन ती माणसं स्वतःच मिरजेला गेली.

पण त्या दिवशी दवाखान्यात हे काही आम्हाला ठाऊक नव्हतं. बाई लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "काल मग कसं ठरवलंत यायचं?"

"ह्यो वरडला माझ्यावर," सर्जाने माझ्याकडे बोट केलं. "समद्या गावाफुडं. शिवी दिली. लई दिसांनी कुणीतरी माणसावाणी बोललं."

मी छाती जरा पुढे काढून बसलो. महिनाभर मी साऱ्या जगावर चिडलो होतो. शिंगट्यांवर, प्रतापवर, पाया पडणाऱ्या बायांवर. आता कुठे मला आपण केलं ते बरं केलं असं वाटत होतं.

"आणि त्याआधी कधी कुणाला सांगितलं नव्हतंत? इतके महिने?" बाईंनी विचारलं.

"सांगितलं हुतं की," सर्जा म्हणाला. "ह्यालाच सांगितलं हुतं. गेल्या संक्रांतीला, नदीवर फिराय गेलो हुतो तवा. म्हणलं, मास्तर, मला हल्ली जगावं वाटत न्हाई."

तो तक्रार करत नव्हता. विचारलं त्याचं उत्तर देत होता. आणि तो म्हणाला त्या क्षणी मला घाटाची पायरी आठवली, त्याच्या पायातली बोटाशी फाटलेली वहाण आठवली.

"मग काय म्हणाले हे?"

"म्हणला, वय झालं की वाटतं तसं. मला बी वाटतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. सर्जावरची नजर काढून त्यांनी माझ्याकडे बघितलं. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

"खरंच वाटतं?" त्यांनी मला विचारलं.

मी 'छे' म्हणायला तोंड उघडलं. एवढाच शब्द होता, पण तो काही केल्या बाहेर येईना. प्रताप खिडकीपासून वळून माझ्याकडे बघायला लागला. बाई वाट बघत होत्या, घाई करत नव्हत्या.

सर्जाने खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि तो उठला. त्याला उठायला वेळ लागला. मग त्याने बाईंसमोरची ती आपली खुर्ची माझ्या बाजूला वळवली.

"बस हितं," तो म्हणाला.